सवयीची खाज

इंदूताई झोपे यांच्या धाब्यावर त्या दिवशी एका बाजूला बिबड्या वाळत होत्या आणि दुसऱ्या बाजूला चौतीस मुलांचे रक्त.

साल २०३४, एप्रिलचा तिसरा आठवडा. तापीकाठच्या त्या गावात सकाळी अकरालाच पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला होता. मी नाशिकच्या प्रयोगशाळेतून रक्ताची कार्डे न्यायला आलो होतो. इंदूताई त्या गावच्या आशाताई. आसपासच्या अकरा गावांतल्या आशाताईंना बोट कसे टोचायचे, थेंब कसा घ्यायचा, कार्ड कसे वाळवायचे, हे सगळे त्यांनीच शिकवले होते. त्या मला मातीच्या सपाट छपरावर, म्हणजे धाब्यावर घेऊन गेल्या. जुन्या नऊवारीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे तिकडचे पापड, ओळीने पसरल्या होत्या. शेजारी दुसऱ्या धुवट कापडावर तितक्याच नेटक्या ओळींत आमची कार्डे. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावर एक खडा. वरून एक विरळ ओढणी टाकलेली, कारण कावळे बिबड्या पळवतात, ते कार्डांनाही सोडणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

कार्ड म्हणजे पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड टीपकागद. त्यावर पाच छापील वर्तुळे, प्रत्येकात एक थेंब. आमच्या पुस्तिकेत चौथ्या पानावर लिहिले होते, की कार्ड सावलीत आडवे ठेवून तीन तास वाळू द्यावे, उन्हात ठेवू नये. त्या पुस्तिकेची मुद्रिते मीच तपासली होती.

मी कार्डांकडे बघत उभा राहिलो. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसले असावे, कारण इंदूताई आपण होऊन बोलू लागल्या. सावलीत वाळवलेल्या वस्तूला कुबट वास लागतो, तिला बुरशी धरते, चार महिन्यांत ती फेकावी लागते. सासूने त्यांना बिबड्या घालायला शिकवले तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगितली होती. पुस्तिका लिहिणारे पडले नाशिकचे, त्यांच्याकडे ऊन ते काय.

"आमच्या उन्हात दगड वाळतो भाऊ," त्या म्हणाल्या. "हे तर थेंबभर रगत. कडक वाळलं का मंग वर्षभर पाहाचं काम नाही."

मग त्यांनी अर्धवट वाळलेली एक बिबडी कापडावरून सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली. अशी ओलसर, उन्हाने कोमट झालेली बिबडी पाहुण्याला मुद्दाम देतात. मी ती तोंडात घातली आणि चावता चावता वाक्य जुळवू लागलो : ताई, ही कार्डे बाद करावी लागतील, रक्त पुन्हा घ्यावे लागेल. पुन्हा चौतीस बोटे टोचायची. पुन्हा चौतीस आयांची समजूत काढायची. त्या उन्हात पुन्हा पायपीट. शिवाय हे सांगणारा मी कोण? मराठी घेऊन बी.ए. झालेला, प्रयोगशाळेत लेखनिक म्हणून चिकटलेला माणूस. उन्हाने रक्तातले नेमके काय बिघडते हे मला कुठे ठाऊक होते? कदाचित काहीच बिघडत नसेल. पुस्तिकांमध्ये सावधगिरी म्हणून पुष्कळ काही लिहिलेले असते.

घास संपला तेव्हा वाक्यही विरून गेले होते. मी म्हटले, बिबडी छान झाली आहे.

नाशिकला परतल्यावर कार्डे थंड कपाटात जाण्याआधी नोंदवहीत चढवायची होती. संगणकावरची नोंद वेगळी. पण प्रत्येक कार्ड डोळ्यांनी बघून, हाताने शेरा लिहून सही करायची, असा आमच्याकडे नियम होता. शेरा दोनच प्रकारचा असे, 'ठीक' किंवा 'बाद'. मी चौतीस वेळा 'ठीक' लिहिले. जूनपर्यंत इंदूताईंच्या अकरा गावांतून दोनशे बारा कार्डे आली. सगळी त्यांनी शिकवल्याप्रमाणेच वाळलेली असणार, हे मला कळत होते. मी दोनशे बारा वेळा 'ठीक' लिहिले. माझे अक्षर चांगले आहे.

ती कार्डे कशासाठी होती, ते आता सांगायला हवे.

लहान मुलांचा इसब हा नुसता कातडीवरचा रोग नव्हे. अशा मुलांच्या कातडीला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. धाब्याला तडे गेले की पाणी झिरपते, तशी त्यांतून धूळ, घाम, जंतू आत शिरतात. मग कातडीतल्या पेशी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावणे धाडतात. हे बोलावणे म्हणजे काही विशिष्ट प्रथिने. गावात घरोघर आवतण फिरावे तशी ती रक्तातून फिरतात. पांढऱ्या पेशी जमतात, कातडी पेटते, खाज सुटते, मूल खाजवते, भेगा रुंदावतात आणि पुन्हा आवतण निघते. डॉक्टरांना कातडीचे आजचे रूप तेवढे दिसते. आतली आग किती आहे, ती पुढे दम्यापर्यंत पोचणार की विझणार, हे वरून कळत नाही. दोन वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही आणि आया सांगतात त्यावर सगळेच डॉक्टर विश्वास ठेवतात असे नाही. रक्तात किती आवतणे फिरताहेत हे मात्र मोजता येते. आमच्या प्रमुख डॉ. मंजिरी लोहोकरे यांनी अशी पाच प्रथिने निवडली होती. एका कार्डावर ती पाचही मोजायची आणि कोणत्या मुलाला कोणते औषध लवकर द्यायचे, ते वेळेत ठरवायचे. कल्पना चांगली होती. मला ती आजही चांगलीच वाटते.

राज्यभरातून इसब असलेल्या सहा हजार मुलांची कार्डे जमली. ती आणि डॉक्टरांचे तपासणीचे कागद एका यंत्राला दाखवून त्याला शिकवण्यात आले. २०३६ साली मी निवृत्त झालो. पुढच्या वर्षी छापील अहवालाची एक प्रत मला घरपोच आली, कारण शेवटच्या पानावरच्या आभारात 'श्री. भालचंद्र उपासनी, नोंदी' असे माझे नाव होते.

अहवालात एक प्रकरण अनपेक्षित शोधाचे होते. यंत्राने आपण होऊन दोनशे चाळीस मुलांचा एक वेगळा ढीग केला होता. या मुलांची कातडी फार खराब होती, पाचांपैकी चार प्रथिने वाढलेली होती, पण चौथ्या क्रमांकाचे प्रथिन जवळजवळ नव्हतेच. हे चौथे प्रथिन खाजेच्या नसांना जागे करते. तेच रक्तात नसेल तर खाज येते कुठून? तज्ज्ञांच्या समितीने उत्तर काढले, की ती रक्तातून येतच नाही. मुलाला खाजवायची सवय लागते, खाजवून कातडी सोलते आणि सोललेल्या कातडीमुळे बाकीची चार प्रथिने वाढतात. या प्रकाराला त्यांनी नाव दिले, 'सवयीची खाज'. त्यावर औषध नको. सवय मोडली की झाले.

त्या दोनशे चाळिसांपैकी दोनशे बारा मुले एकाच तालुक्यातली होती. त्याचेही कारण समितीने दिले होते. तिथल्या आया दिवसभर केळीच्या बागांमध्ये कामाला जातात, मुले एकटी पडतात, आणि आईचे लक्ष वेधून घेण्यासाठी खाजवतात.

दोनशे बारा हा आकडा मी पुन्हा एकदा वाचला. मला धाबे दिसले, ओढणी दिसली, कोपऱ्यांवरचे खडे दिसले. अहवाल मिटून मी फळीवर ठेवला. एवढ्या मोठ्या माणसांना हे कळले नसेल का, असे मी स्वतःला विचारले, आणि त्या प्रश्नालाच उत्तर मानले.

शर्वी माझ्या मुलीची, सायलीची मुलगी. माझी पत्नी गेल्यावर मी पुस्तकांच्या खोक्यांसकट सायलीकडे राहायला आलो तेव्हा शर्वी दीड वर्षाची होती. दोन वर्षांची झाल्यावर तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत लाल चट्टे उठू लागले. खोबरेल झाले, कडुनिंबाच्या पाल्याची अंघोळ झाली, मलमे झाली. थोडे बरे वाटे, पुन्हा उसळे. पाचव्या वर्षी, २०४३च्या जुलैत, सायली तिला घेऊन रुग्णालयात गेली. मीही बरोबर होतो. तोवर ते यंत्र जेवणाच्या डब्याएवढे झाले होते आणि सगळीकडे पोचले होते.

परिचारिका हसतमुख होती. शर्वीचे बोट टोचून तिने पाच थेंब घेतले. शर्वीने विचारले, की आता या कार्डाचे काय करायचे. परिचारिका म्हणाली, "आता याला सावलीत ठेवायचं. ऊन लागलं ना, तर थेंब खरं बोलत नाही." शर्वी खुदकन हसली. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

दुपारी सायलीच्या फोनवर निकाल आला. चौथे प्रथिन नगण्य. सवयीची खाज.

डॉक्टर तरुण होते आणि मनापासून समजावून सांगत होते. औषध, इंजेक्शन काही नको, घाबरण्यासारखे काहीच नाही. घरातल्यांनी पाळायचा नियम एकच : ती खाजवू लागली की तिच्याकडे बघायचे नाही, 'नको खाजवू' असेही म्हणायचे नाही, विषयच काढायचा नाही. शाळेलाही तशी सूचना जाईल.

"बघितलं की वाढतं," ते म्हणाले. "नाही बघितलं की आपोआप विरतं."

सायली सुटल्यासारखी दिसत होती. मुलीला आजार नाही हे ऐकायला कोणत्या आईला नको असते? तरी संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने मला विचारले. "बाबा, तुम्ही या कामात होतात ना? हे यंत्र चुकत नाही ना?"

मी म्हटले, "डॉ. लोहोकरेंचं काम आहे ते. फार काटेकोर बाई."

हे खोटे नव्हते. तिने जे विचारले होते त्याचे ते उत्तरही नव्हते. सायलीने मान हलवली आणि पुन्हा मेथीकडे वळली. तिने आणखी एकदा विचारले असते तर मी सांगितले असते, असे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला बजावत होतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात न बघणे सुरू झाले. शर्वी कोपर खाजवू लागली की सायली ओट्याकडे तोंड करून भांडी लावत बसे. जावई ओंकार बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घाली. त्या पावसाळ्यात झाडांना पाण्याची मुळीच गरज नव्हती. माझ्या हातात पुस्तक असे. मला फारसे काही करावे लागत नव्हते. न बघण्याचा मला आयुष्यभराचा सराव होता.

पहिले काही दिवस ती रडली. मग एकदा ती माझ्या खुर्चीजवळ आली, बाही वर केली आणि म्हणाली, "आबा, तू तरी बघ ना."

मी एक ओळ पाचव्यांदा वाचत होतो. ती थोडा वेळ थांबली. मग तिने बाही खाली केली आणि निघून गेली.

दोन महिन्यांत तिने आमच्यासमोर खाजवणे सोडले. ऑक्टोबरच्या उकाड्यातसुद्धा लांब बाह्या आणि पायघोळ विजार हवी, अंघोळही एकटीनेच करणार, असा तिने हट्ट धरला. पुन्हा रुग्णालयात गेलो तेव्हा डॉक्टरांनी नियमाप्रमाणे बाही वर न करताच तिची पाठ थोपटली. सायलीने शेजारणीला फोन करून सांगितले, की सवय मोडली. मला वाटले, समिती बरोबर होती आणि मी उगाच खुळ्यासारखी शंका घेत होतो. किती हलके वाटले म्हणून सांगू! अंगात ताप असताना थर्मामीटर फुटावा, तसे ते हलके वाटणे होते.

जानेवारीतल्या एका दुपारी मला एक जुना शब्दकोश हवा होता. तो उघडला तर सुरुवातीचे कोरे पान नव्हते. कात्रीने सरळ कापून घेतलेले. मी दुसरे पुस्तक काढले. त्याचेही कोरे पान गायब. माझ्या पुस्तकांच्या पानांना कोणी हात लावत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी खालची फळी रिकामी करू लागलो. फळी आणि भिंत यांच्यातल्या फटीत एक पुठ्ठ्याची पेटी होती. तिच्यात सात कार्डे होती.

माझ्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांतून कापलेली. प्रत्येकावर पेनाचे टोपण ठेवून काढलेली पाच वर्तुळे. प्रत्येक वर्तुळात एक तपकिरी डाग.

तो रंग मला ओळखीचा होता. मी तसे हजारो डाग हाताळले होते. नवा डाग लाल असतो, दोन दिवसांनी विटकरी होतो, महिन्याने तपकिरी. मी त्यांतले सर्वांत जुने कार्ड कोणते, हे नकळत ओळखूसुद्धा लागलो होतो.

शर्वी शाळेतून आली तेव्हा मी जमिनीवरच बसलेलो होतो. तिने दप्तर ठेवले.

"ते माझं आहे," ती म्हणाली.

हे काय आहे, असे मी विचारले. माझ्यासारख्याला समजावे म्हणून तिने सावकाश सांगितले. त्या दिवशी रुग्णालयातल्या ताईंनी एकच कार्ड घेतले होते. एका कार्डात यंत्राची चूक होऊ शकते. म्हणून तिने सात केली, सात दिवसांची सात. सुई लागली नाही, गुडघ्याच्या मागे रक्त आपोआपच येते, तिथे फक्त कागद दाबून धरायचा. पुढच्या वेळी रुग्णालयात जाऊ तेव्हा ती ही पेटी घेऊन जाणार होती.

"यंत्राला ही सगळी दाखवायची. मग ते सांगेल, की मी खोटं खोटं खाजवत नाही."

मी एक कार्ड उचलून उजेडात धरले. त्याचा तिने वेगळाच अर्थ लावला असावा. ती कार्डे चुकीची आहेत असे मला वाटते आहे, असे तिला वाटले. ती घाईने म्हणाली, "एकदम सावलीत ठेवलीत आबा. जरासुद्धा ऊन लागू दिलं नाही."

साडेपाच वर्षांच्या मुलीने एकदा ऐकलेला नियम पाळला होता.

मी तिला म्हटले, "बाही वर कर. मला बघू दे."

ती लगेच पुढे आली नाही. आधी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. हे चालते का, याची ती खात्री करून घेत होती. मग तिने एकेक करून दोन्ही बाह्या वर केल्या आणि विजार गुडघ्यांच्या वर ओढली. कातडी झाडाच्या सालीसारखी जाड झाली होती. जुन्या खपल्यांवर नव्या खपल्या होत्या. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. त्या सहा महिन्यांत घरातल्या कोणी तरी तिच्याकडे बघितल्याची ती पहिली वेळ होती.

त्या संध्याकाळी मी सायलीला सगळे सांगितले. धाबे, बिबडी, नोंदवही, अहवाल. सांगताना मी 'मला खात्री नव्हती' हे शब्द बऱ्याच वेळा वापरले. माझे संपल्यावर तिने एवढेच विचारले, की किती वर्षे ठाऊक होते.

"दहा," मी म्हटले.

"आणि मी विचारलं तेव्हाही."

"तेव्हाही," मी म्हटले.

"माझ्या मुलीकडे बघू नको, असं मला कोणी सांगितलं असतं ना, तर मी ऐकलं नसतं," ती म्हणाली. "मी तुमच्यावर विसंबून ऐकलं बाबा."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपे गेले असते. त्यानंतर ती मला कधी टाकून बोलली नाही, माझी औषधे, माझा चहा, काही तिने चुकवले नाही. फक्त शर्वीबद्दल काही ठरवायचे असले, की ती आणि ओंकार आतल्या खोलीत जाऊन बोलतात.

डॉ. लोहोकरे तोवर सत्तरीच्या झाल्या होत्या, पण रोज प्रयोगशाळेत येत. मी तिथे जाऊन त्यांना इंदूताईंच्या गावचे सगळे सांगितले. त्यांनी जुन्या नोंदवहीची पाने पडद्यावर काढली आणि बराच वेळ बघत राहिल्या. एकाखाली एक ठीक, ठीक, ठीक.

"सुंदर अक्षर आहे तुमचं, उपासनी," त्या म्हणाल्या. "या दोनशे बारा कार्डांबद्दल तेव्हा एकाने शंका काढली होती. मी त्याला ही पानं दाखवली होती."

थंड कपाटातून कार्डे काढण्यात आली. रक्त भाजले गेले आहे का, हे ओळखणारी साधी चाचणी असते. ती करावी असे कोणाला वाटले नव्हते, एवढेच. चौथे प्रथिन पाचांमध्ये सर्वांत नाजूक निघाले. अंड्यातला पांढरा भाग एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही, तसे ते एका ठरावीक उष्णतेनंतर कायमचे गोळा होते आणि यंत्राला दिसेनासे होते. वैशाखातल्या धाब्यावरची माती दुपारी हाताला चटका देते. दोनशे बाराही कार्डे भाजलेली निघाली. उरलेली अठ्ठावीस मुले वेगळी होती. त्यांच्या शरीरात ते प्रथिन जन्मतःच कमी होते आणि खाज दुसऱ्याच वाटेने नसांपर्यंत पोचत होती. आवतण होते, फक्त दुसऱ्या हाताने धाडलेले. शर्वी नंतर जन्मलेली, पण त्याच प्रकारातली. एरवी ती अठ्ठावीस मुले यंत्राला वेगळी दिसलीही नसती, त्यांना सरळ औषध मिळाले असते. उन्हाने तो ढीग मोठा केला, ढिगाला नाव मिळाले आणि नावाखाली पुढची मुले जमत गेली.

'सवयीची खाज' हा प्रकार मागे घ्यायला चौदा महिने लागले. तोवर ते नाव अकरा हजार मुलांच्या कागदांवर लागले होते. त्यांच्यातल्या किती मुलांचा इसब वेळेवर औषध न मिळाल्यामुळे दम्यापर्यंत गेला, याचा अभ्यास चालू आहे. लोहोकरेबाईंनी जाहीरपणे सगळी चूक स्वतःवर घेतली. माझे नाव कुठे आले नाही. येऊ द्या, असे मी त्यांना म्हणालो नाही.

इंदूताईंना हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढे मात्र मी केले. त्यांच्या गावी गेलो. त्या आता घरीच असतात, गुडघे दुखतात. धाब्याच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला आहे. मी सांगत असताना त्यांनी पदर तोंडाला लावला होता. मग बराच वेळ त्या एकेका मुलाचे नाव घेत राहिल्या. कोण आता कुठे आहे, कोण दहावीला बसले, कोणाला दम्याचा पंप ओढावा लागतो. दोनशे बारा नावे नसतील, पण शंभराच्या वर असतील. मला त्यांतले एकही नाव आठवत नव्हते, आणि ती सगळी माझ्या अक्षरात लिहिलेली होती.

"पुस्तकातलं मी नाही ऐकलं, ते माझं चुकलं," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तुम्ही तर समोर उभे होते. तवाच सांगाचं होतं भाऊ. मी काहाले रागावले असते? आठ दिवस अजून हिंडले असते, बस."

मी उठलो तेव्हा त्यांनी शर्वीसाठी बिबड्यांची पिशवी दिली. कडक वाळलेल्या. मी ती घेतली.

शर्वीचे औषध सहाव्या वर्षी सुरू झाले. चार महिन्यांत कातडी निवळली. आज कोणी सांगितल्याशिवाय कळणारही नाही. दप्तरात पंप असतो, पण तो क्वचित लागतो. आता ती अकरा वर्षांची आहे. हुशार आहे, हसरी आहे, माझी पुस्तके नेऊन वाचते आणि कोरी पाने जागच्या जागी ठेवून परत करते. मी तिच्याकडे सारखा बघत असतो. उशिरा शिकलेली गोष्ट माणूस जरा जास्तच करतो.

म्हणूनच परवा माझ्या लक्षात आले. शाळेतून आली, दप्तर जागेवर ठेवले, हात धुतले आणि जेवायला बसली. शाळेतल्या कसल्याशा नाटकाबद्दल सायलीला सांगत होती. ती डाव्या हाताने जेवत होती.

मी उठून तिच्याजवळ गेलो आणि तिचा उजवा हात हळूच टेबलाखालून वर घेतला. मनगट सुजून निळे झाले होते. सकाळी शाळेत जाताना ती सायकलवरून पडली होती. हाड मोडले होते, हे नंतर कळले. त्या मनगटासह ती सात तास वर्गात बसली होती, उजव्या हाताने लिहिले होते, आणि शाळेत कोणाला कळले नव्हते.

सायली गाडीच्या चावीसाठी आत धावली. मी शर्वीला विचारले, की अगं, सांगितले का नाहीस.

ती माझी समजूत घालावी तशी हसली.

"असू दे रे आबा," ती म्हणाली. "बघितलं की वाढतं."

आणि तिने डाव्या हाताने बाही खाली ओढली.